काळ्या पाषाणाचे वय

मोहोळ तालुक्यात विहिरीला हात घातला की खालचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी काळी माती, मग चुनखडीचे पांढुरके खडे, मग मुरूम. त्याखाली कुठे पांढऱ्या ठिपक्यांचा, पहारीला दाद देणारा मांजऱ्या लागतो आणि शेवटी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. काही विहिरींत मात्र या पाषाणाच्या पोटातून तांबड्या मातीचा एक पट्टा आडवा गेलेला दिसतो, कुठे चार बोटे जाड, कुठे हातभर. कुणी त्याला गेरू म्हणते, कुणी नुसताच तांबडा थर. विहीर खणणाऱ्यांचे त्याच्याशी सख्य नसते. तो पाणी धरून ठेवतो, सोडत नाही; भिजला की फुगतो आणि सुटून विहिरीत उतरतो. बोअर घेताना राखाडी भुकटीच्या जागी लाल चिखल उसळू लागला की मशीनवाल्याला कळते, इथे केसिंग घालावे लागणार.

या प्रकरणात सांगायची गोष्ट त्या तांबड्या पट्ट्याची आहे. काळ्या पाषाणाचे वय आज जितक्या नेमकेपणाने सांगता येते, त्यात या पट्ट्याचा वाटा फार मोठा आहे.

मोहोळवर त्या पाषाणाचे ऋणही मोठे आहे. रब्बी ज्वारीचा मालदांडी ३५-१ हा वाण १९३०च्या दशकात इथल्याच संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडला गेला आणि पुढे अनेक दशके महाराष्ट्र-कर्नाटकाच्या कोरडवाहू रानात त्याने आपली जागा सोडली नाही. पेरणीनंतर पाऊस जवळजवळ संपतो. पीक उभे राहते ते काळ्या मातीने पोटात साठवलेल्या ओलीवर. ही काळी माती म्हणजे कुजलेला बेसॉल्ट. बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. आणि हा लाव्हा एकदा आला नाही. तो लाटेवर लाट असा येत राहिला, थंड होत राहिला आणि थरावर थर चढून दख्खनचे पठार तयार झाले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग त्याने झाकलेला आहे.

हे सगळे कधी घडले? शाळेच्या पुस्तकात 'साडेसहा कोटी वर्षांपूर्वी' असे उत्तर असते आणि ढोबळमानाने ते बरोबर आहे. पण साडेसहा कोटी या आकड्यात पाच-दहा लाख वर्षे इकडे की तिकडे, यावर एक फार मोठा प्रश्न अडून बसला होता. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरून डायनासोर नाहीसे झाले, समुद्रातले अमोनाइट संपले, सूक्ष्म जीवांच्या कितीतरी जाती एकाएकी गेल्या. १९८० साली लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागे अंतराळातून आलेल्या अशनीचा आघात असल्याचे मांडले. पुढे मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाखाली चिक्शुलूबचे प्रचंड विवरही सापडले. त्याच सुमाराला इकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता आणि त्याच्याबरोबर गंधकाचे आणि कर्बाचे वायू हवेत जात होते. मग दोषी कोण? लाव्हा आधी वाहू लागला असेल तर संकटाची सुरुवात त्याने केली असेल. बहुतेक लाव्हा नंतर आला असेल तर त्याच्यावरचा आरोप टिकत नाही. निवाडा काही हजार वर्षांच्या फरकावर ठरणार होता आणि वय मोजण्यातली चूकच लाखो वर्षांची होती.

बेसॉल्टचे वय काढण्याची जुनी रीत पोटॅशियमवर आधारलेली आहे. पोटॅशियम-४० या किरणोत्सारी अणूचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे. त्यातला काही भाग आर्गॉन वायूत बदलतो आणि हा आर्गॉन खडकातल्या स्फटिकांत अडकून राहतो. लाव्हा वाहता असताना जुना आर्गॉन निसटून जातो, म्हणून साठलेला आर्गॉन मोजला की थिजल्यापासूनचा काळ कळतो. पण बेसॉल्टमध्ये मुळात पोटॅशियम कमी. शिवाय आपल्याकडच्या पावसापाण्याने खडक जरा कुजला की आर्गॉनही निसटतो. सुरुवातीच्या मोजण्यांत एकाच डोंगराची वये इतकी वेगवेगळी येत की काहींना दख्खनचा लाव्हा कित्येक कोटी वर्षे वाहत होता असे वाटे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सचे व्हिन्सेंट कुर्तियो, अमेरिकेचे रॉबर्ट डंकन यांच्यासारख्यांनी सुधारित आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने हा काळ बराच आखूड केला. १९९३ साली टी. आर. वेंकटेसन, कांचन पांडे आणि के. गोपालन यांनी पश्चिम घाटातल्या खडकांवरून असे दाखवले की लाव्हाची सुरुवात सामूहिक विनाशाच्या आधीच झाली होती. चित्र स्पष्ट होत होते, पण काही लाख वर्षांच्या धुक्याआडून. त्याहून बारीक मोजायचे तर दुसरा साक्षीदार हवा होता, आणि वयाच्या बाबतीत भूवैज्ञानिकांचा सर्वात जास्त विश्वास झिरकॉनवर आहे.

झिरकॉन हे झिरकोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे खनिज. दागिन्यांच्या दुकानात 'अमेरिकन डायमंड' म्हणून मिळतो तो खडा वेगळा. तो झिरकोनियमचा ऑक्साइड असतो आणि कारखान्यात तयार होतो. खरा झिरकॉन शिलारसात जन्मतो. चौकोनी अंगाचे, दोन्ही टोकांना निमुळते असे त्याचे स्फटिक बहुतेक वेळा मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढे असतात. तो काचेपेक्षा कठीण आहे. पाण्याने विरत नाही, साध्या आम्लांना दाद देत नाही. खडक कुजून वाळू झाली, वाळूचा पुन्हा खडक झाला, तो डोंगराखाली दाबला जाऊन तापला, तरी आतला झिरकॉन टिकून असतो. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्समध्ये मिळालेला एक कण ४४० कोटी वर्षांचा आहे. तो ज्या खडकात जन्मला त्या खडकाचा आज पत्ताही नाही.

पण नुसता टिकाऊपणा उपयोगाचा नाही. झिरकॉनचे खरे वैशिष्ट्य त्याच्या अंतर्रचनेत आहे. स्फटिक घडत असताना झिरकोनियमच्या जागी युरेनियमचा अणू बसू शकतो, कारण दोघांचा विद्युतभार सारखा आणि आकारही जवळचा. शिशाचा अणू आकाराने मोठा, भार वेगळा; त्याला त्या चौकटीत जवळजवळ शिरताच येत नाही. म्हणजे जन्मताना झिरकॉनजवळ युरेनियम असते, शिसे नसते. आणि युरेनियम तर अटळपणे, ठरलेल्या गतीने शिशात बदलत जाते. आज त्या स्फटिकात सापडणारे शिसे आतच तयार झालेले असते. त्यामुळे शिसे आणि युरेनियम यांचे प्रमाण काढले की वय हाती येते.

युरेनियमच्या दोन जाती इथे कामाला येतात. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य ४४६ कोटी ८० लाख वर्षे आणि त्याचे शेवटी शिसे-२०६ होते. युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य सुमारे ७० कोटी ४० लाख वर्षे आणि त्याचे शिसे-२०७ होते. दख्खनच्या काळाचा झिरकॉन घेतला तर ६ कोटी ६० लाख वर्षांत युरेनियम-२३८ च्या दर हजार अणूंपैकी फक्त दहाच्या आसपास अणू शिसे झालेले असतात. हे दहा अणू अचूक मोजायचे. साडेदहा मोजले तर वयात तीस लाख वर्षांहून अधिक चूक होते. म्हणूनच या कामाला इतकी वर्षे लागली.

एकाच कणात दोन वेगवेगळ्या गतींनी चालणाऱ्या दोन मोजण्या असणे हे या पद्धतीचे मोठे बळ. दोन्हींनी एकच वय सांगितले तर कण अभंग राहिला आहे असे धरता येते. सांगितले नाही तर मध्ये कधीतरी शिसे निसटले आहे, किंवा कणाच्या गाभ्यात आणखी जुना कण दडलेला आहे. जॉर्ज वेदरिल यांनी १९५६ साली ही पडताळणी आलेखातल्या एका वक्ररेषेवर मांडली आणि तेव्हापासून झिरकॉनचे कोणतेही वय त्या वक्ररेषेवर ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारले जात नाही. वयाबरोबर स्वतःच्या खरेपणाची कसोटीही देणारी साधने विज्ञानात थोडीच आहेत. झिरकॉन त्यांतले एक, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर.

शिसे मोजण्यातली अडचण सर्वात आधी कळली ती क्लेअर पॅटरसन या तरुणाला. १९४८ साली शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन यांनी त्याला आणि जॉर्ज टिल्टनला एक काम दिले: ग्रॅनाइटमधले झिरकॉन वेगळे करायचे, टिल्टनने युरेनियम मोजायचे, पॅटरसनने शिसे. टिल्टनचे आकडे जुळत होते. पॅटरसनचे शिसे अपेक्षेच्या कितीतरी पट जास्त भरायचे. कण तेच, खडकाचे वय ठाऊक असलेले, तरी हिशेब चुके. शेवटी उलगडा झाला की शिसे झिरकॉनमधले नव्हतेच. ते हवेत होते, पाण्यात होते, काचेच्या भांड्यांत, आम्लांत, कपड्यांत होते. पॅटरसनने पुढे कॅलिफोर्नियात शिशापासून मुक्त अशी प्रयोगशाळा उभी केली आणि तिच्या जोरावर उल्कांमधल्या शिशावरून १९५६ साली पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे सांगितले. त्या आकड्यात आजतागायत फारसा बदल झालेला नाही. पण तो तिथे थांबला नाही. हवेत हे शिसे येते कुठून याचा त्याने माग काढला. मोठा वाटा पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या शिशाचा निघाला, आणि त्याविरुद्ध तो उद्योगाशी कित्येक वर्षे झगडला. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सुरू झाले. आज महाराष्ट्रातली पोरे शिशाचा तो धूर घेत नाहीत, त्या साखळीची एक कडी झिरकॉनच्या कणातून निघते.

टॉम क्रोग यांनी १९७३ साली कण विरघळवण्याची अशी रीत काढली की कामात बाहेरचे शिसे फारच कमी मिसळे. आज उत्तम प्रयोगशाळांत ही भेसळ एका पिकोग्रॅमच्याही खाली असते. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग. इतकी काळजी का, ते हिशेबाने कळते. दख्खनच्या काळच्या, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या झिरकॉनमध्ये एकूण शिसेच आठ-दहा पिकोग्रॅम भरते. दुसरी सुधारणा जेम्स मॅटिन्सन यांची, २००५ सालची. किरणोत्साराने कणाचे काही भाग आतून मोडके होतात आणि शिसे तिथूनच निसटते. मॅटिन्सन यांनी कण आधी ९०० अंशांवर दोन-अडीच दिवस तापवले. त्याने थोडे मोडलेले भाग सावरतात, पार मोडलेले तसेच राहतात. मग हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकले की आम्ल आधी मोडके भाग खाऊन टाकते. उरतो तो निर्दोष गाभा, आणि मोजायचा तोच. तो पूर्ण विरघळवून त्यात निसर्गात न आढळणारे शिसे-२०५ मोजूनमापून मिसळतात, द्रावाचा थेंब रेनियमच्या तारेवर वाळवतात आणि तार तापवून उडणारे अणू वजनानुसार वेगळे करून मोजतात.

एवढे सगळे साधल्यावर ६ कोटी ६० लाख वर्षांच्या कणाचे वय वीस-तीस हजार वर्षांच्या फरकाने सांगता येते. ६६ वर्षांच्या माणसाला नुसते पाहून त्याचा जन्म कोणत्या दहा दिवसांत झाला ते सांगावे, इतके हे नेमके आहे.

आता खरी अडचण. बेसॉल्टमध्ये झिरकॉन नसतो.

म्हणजे जवळजवळ नसतो. झिरकॉन तयार व्हायला शिलारसात सिलिका भरपूर लागते आणि झिरकोनियम साठून दाट व्हावे लागते. ग्रॅनाइटच्या शिलारसात हे सहज घडते. बेसॉल्टच्या रसात सिलिका कमी, उष्णता जास्त, आणि त्यात झिरकोनियम विरघळलेलेच राहते. शेवटी इतर खनिजांत विखरून जाते. ज्या खडकाने अर्ध्या महाराष्ट्राहून अधिक भाग व्यापला, त्याच्याजवळ स्वतःच्या जन्माची ही नोंद नाही. क्वचित एखाद्या जाड थराच्या आत सगळ्यात शेवटी थिजलेल्या रसाच्या शिरा असतात. तोवर उरलेल्या थोड्या रसात झिरकोनियम दाटलेले असते, आणि अशा भरड्या शिरांत झिरकॉन मिळतो. पण अशा शिरा विरळा. त्यांच्या भरवशावर डोंगराचा पायथा ते माथा असा कालक्रम लावणे शक्य नव्हते.

इथे तांबडा थर पुढे येतो. एक लाट थिजली आणि पुढची यायला वेळ लागला, की मधल्या काळात वरचा खडक ऊनपावसाने कुजतो, त्यावर धूळ बसते, माती तयार होते. मग पुढचा तप्त लाव्हा येऊन त्या मातीवर पसरतो, तिला भाजतो आणि खाली गाडून टाकतो. लोहाच्या ऑक्साइडमुळे ती विटकरी लाल दिसते. बेसॉल्टचे थर लाव्हा वाहत असतानाचे. तांबडा पट्टा मधल्या विसाव्याचा. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विसाव्याच्या मातीतच झिरकॉन शोधायचे ठरवले. नुसत्या कुजलेल्या बेसॉल्टमधून तो मिळायला नको, हे उघड आहे. पण त्या मातीवर कुठून तरी ज्वालामुखीची राख येऊन पडली असेल तर? सिलिकाने समृद्ध, स्फोटक ज्वालामुखी राख उधळतात, ती वाऱ्यावर दूरवर जाते आणि तिच्यात झिरकॉन असतो. अंदाज खरा ठरला. सह्याद्रीतल्या बऱ्याच तांबड्या थरांतून धारदार कडांचे, न झिजलेले कण निघाले.

या कामात महाराष्ट्राचा माणूस होता. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे सय्यद खादरी हे या गटाचे सहलेखक. प्रिन्स्टनच्या गर्टा केलर, लोझानचे थिएरी अदात हेही बरोबर होते. नमुने घाटांतून गोळा झाले, कारण घाटरस्त्यांनी डोंगर उभा कापलेला असतो आणि एकावर एक थर मोजता येतात. दख्खनच्या थरांच्या गटांची नावेच आपल्या गावांची आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगातला कोणताही भूवैज्ञानिक दख्खनविषयी लिहितो तेव्हा त्याला हीच नावे याच क्रमाने घ्यावी लागतात. मराठी मुलांना ती शाळेतच सांगायला हवीत असे मला मनापासून वाटते.

प्रयोगशाळेत तांबडी माती पाण्यात कालवून चिकण धुऊन काढतात. उरलेल्या भरड्यातून लोहयुक्त कण चुंबकाने बाजूला करतात. मग तो जड द्रवात टाकतात. मिथिलिन आयोडाइड पाण्याच्या सव्वातीन पट जड. त्यात बहुतेक खनिजे तरंगतात आणि साडेचार पटींहून जड असलेला झिरकॉन तळाशी बसतो. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक कण वेचायचा. किलोकिलोने माती धुतल्यावर हाती काही मोजके कण लागावेत, असे हे काम.

२०१५ साली या गटाने 'सायन्स' नियतकालिकात पहिला निष्कर्ष मांडला: मुख्य उद्रेक सामूहिक विनाशाच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि ११ लाख घन किलोमीटरहून अधिक बेसॉल्ट साधारण साडेसात लाख वर्षांत बाहेर पडला. कोट्यवधी वर्षांचा वाटणारा उद्रेक दहा लाखांच्या आत आला. २०१९ साली आणखी पुष्कळ तांबड्या थरांची वये घेऊन त्यांनी असे सांगितले की लाव्हा चार मोठ्या उसळ्यांत आला, मध्ये शांततेचे काळ होते, आणि त्यातली एक मोठी उसळी चिक्शुलूबच्या आघाताच्या काही दहा हजार वर्षे आधी सुरू झाली.

इथे एका प्रश्नापाशी थांबायला हवे. कण नेमके कशाचे वय सांगतो? झिरकॉन सांगतो तो स्वतःच्या जन्माचा काळ, म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्याच ज्वालामुखीच्या पोटात शिलारस थंडावत असतानाचा क्षण. त्यानंतर स्फोट झाला, राख उडाली, मातीत पडली, आणि तिच्यावरून लाव्हा गेला. प्रत्येक पायरीला वेळ लागतो. शिवाय एकाच थरात जुने कणही असू शकतात, वाऱ्यापाण्याने दुसरीकडून आलेले. म्हणून एका थरातले अनेक कण वेगवेगळे मोजतात, सर्वात तरुण कणांना महत्त्व देतात, आणि मग डोंगर साक्षीला घेतात. खालच्या थराचे वय वरच्यापेक्षा कमी येऊ शकत नाही. आले तर कुठेतरी चूक आहे. हा दंडक कोणत्याही यंत्राहून जुना आहे आणि आजही शेवटचा शब्द त्याचाच असतो.

शोएन यांच्या गटाचा २०१९ चा निबंध आला त्याच दिवशी, 'सायन्स'च्या त्याच अंकात दुसरा निबंध छापून आला. तो बर्कलेच्या गटाचा; कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेनी त्यात होते, आणि आयआयटी मुंबईचे कांचन पांडेही. त्यांनी झिरकॉन न घेता थेट बेसॉल्टमधल्या प्लॅजिओक्लेज स्फटिकांवर आर्गॉन-आर्गॉन पद्धत वापरली. लाव्हाचेच वय मोजले जाते, हा फायदा; प्रत्येक वयातली अनिश्चितता जास्त, हा तोटा. त्यांच्या मते नव्वद टक्क्यांहून जास्त लाव्हा दहा लाखांहून कमी वर्षांत आला आणि त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश विनाशाच्या नंतरचा होता. उसळ्यांचा ठळक ठसा त्यांना दिसला नाही. वर्तमानपत्रांनी ही भांडणाची बातमी केली. प्रत्यक्षात दोन्ही गटांची वये शेजारी ठेवून पाहिली तर त्यांच्या अनिश्चिततेच्या मर्यादेत ती जुळतात, आणि पुढे दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र बसून तसे मांडलेही. मतभेद वयांत कमी आणि वयांमधल्या फटी भरण्याच्या पद्धतीत अधिक होता. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे: पूर्णपणे वेगळ्या अणूंवर आधारलेल्या दोन रीती एकाच सह्याद्रीवर येऊन एकाच दहा लाख वर्षांच्या आत भेटल्या. तीस वर्षांपूर्वी हे स्वप्न वाटले असते.

डायनासोरांचा दोष कुणाचा, यावरची चर्चा संपलेली नाही. पण आता ती मोजलेल्या काळाच्या चौकटीत होते. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डेन्व्हर खोऱ्यात विनाशाच्या सीमारेषेच्या वर-खाली राखेचे थर आहेत आणि त्यांतल्या झिरकॉनने ती सीमा ६ कोटी ६० लाखांच्या जवळ, वीस-पंचवीस हजारांच्या फरकाने बांधून दिली आहे. म्हणजे कोलोरॅडोची राख आणि आंबेनळी घाटातली तांबडी माती आता एकाच मापाने मोजता येतात.

मोहोळच्या पाषाणाखाली काय आहे, याचे उत्तरही झिरकॉनने दिले आहे, जरा आडवळणाने. मोहोळच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेतले गेले. ३३८ मीटर बेसॉल्ट संपल्यावर सुमारे आठ मीटर गाळाचे खडक लागले आणि त्याखाली अतिप्राचीन पाया. पश्चिमेला कोयनेत, जिथे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा अभ्यास अजून चालू आहे, एका बोअरमध्ये बेसॉल्ट ९३२ मीटरपर्यंत गेला आणि मग थेट ग्रॅनाइट लागला. ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन मुबलक. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या वैज्ञानिकांनी कोयना परिसरातल्या या पायाच्या खडकातले कण तपासले, वय आले सुमारे २७० कोटी वर्षे. इतक्या जुन्या कणात हिशेबच बदलतो: युरेनियम-२३८ चा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग शिसे झालेला, आणि युरेनियम-२३५ तर शंभरातले त्र्याण्णव अणू संपलेले. मोहोळ या दोन ठिकाणांच्या मधे येते. इथल्या शेताखालच्या काळ्या पाषाणालाही तसाच कुठला तरी म्हातारा पाया आहे.

राहतो प्रश्न मोहोळच्या स्वतःच्या तांबड्या थरांचा. आजवर वयाची बहुतेक मोजमापे झाली ती घाटांत. सोलापूरच्या सपाट मुलखात लाव्हाचे थर जवळजवळ आडवे पसरले आहेत आणि विहिरी, खडीच्या खाणी, कालव्यांचे कापे आणि बोअर यांशिवाय त्यांना उभे कापणारे काही नाही. पण हेच थर समजणे महत्त्वाचे आहे. दख्खनच्या काही लाटा फार दूर गेल्या. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीला असलेले बेसॉल्ट रासायनिक घडणीने आणि चुंबकत्वाने सह्याद्रीतल्या आंबेनळी आणि महाबळेश्वर गटांशी जुळतात, म्हणजे लाव्हाने सुमारे हजार किलोमीटरची वाट काढली. महाबळेश्वर ते मोहोळ सरळ अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. घाटातला अमुक थर इकडे कुठल्या विहिरीत कितव्या फुटावर येतो, हे खात्रीने सांगता आले तर भूजलाच्या नकाशालाही त्याचा उपयोग आहे, कारण पाणी अडवणारा तांबडा पट्टा कुठवर सलग आहे हे त्यावरून कळेल.

त्यासाठी लागणारे पहिले काम साधे आहे. विहिरीत किंवा बोअरमध्ये तांबडा थर लागला की जमिनीपासूनची खोली मोजायची, जागेची नोंद घ्यायची, आणि वरचा-खालचा पाषाण न मिसळता दोन-तीन किलो माती स्वच्छ पिशवीत बांधून ठेवायची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे बोअरच्या नोंदी असतात. सोलापूर विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे. हैदराबादला झिरकॉन मोजणारी यंत्रे आहेत. प्रत्येक थरात कण निघणार नाही. ज्या मातीवर राख पडलीच नाही तिच्यात फक्त कुजलेला बेसॉल्ट मिळेल. पण ज्या पिशवीत निघेल, तिच्यावर गावाचे नाव, गट क्रमांक आणि खोली लिहिलेली हवी. एरवी सगळ्यात अचूक वयही कोणत्या थराचे, हे सांगता येत नाही.